थर्मल ड्रोन कितीही वेगाने उडवला तरी चालतो?

“उपग्रह सेकंदाला सात किलोमीटर पळतो, तरी त्याची थर्मल (तापमान टिपणारी) चित्रं स्वच्छ येतात. मग सोलर पॅनल तपासताना ड्रोन सेकंदाला 10 मीटरने उडवला तर काय बिघडलं? फारतर शटर स्पीड वाढवा, उरलेलं सॉफ्टवेअर बघून घेईल.” ड्रोनवाल्यांमध्ये हे सर्रास फिरतं. ऐकताक्षणी पटतंही, पण हा युक्तिवाद टिकत नाही.

आधी उपग्रह. नुसता वेग बघून चालत नाही, एक पिक्सेल (चित्रातल्या सर्वांत लहान चौकोनात मावणारी जमीन) ओलांडायला किती वेळ मिळतो ते बघावं लागतं. लँडसॅट 8 या उपग्रहाची नजर जमिनीवरून सेकंदाला पावणेसात किलोमीटर सरकते, पण त्याचा थर्मल पिक्सेल 100 मीटरचा. म्हणजे हाताशी सुमारे 15 मिलिसेकंद. ड्रोनच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल 60 मीटर उंचीवरून जेमतेम 5 सेंमीचा. तो 5 मिलिसेकंदांतच मागे पडतो. म्हणजे ड्रोनच तिप्पट घाईत! शिवाय लँडसॅटचा डिटेक्टर (उष्णता टिपणारा भाग) उणे 230 अंशांच्या आसपास थंड ठेवलेला असतो आणि फोटॉन (प्रकाशाचे कण) पडताच प्रतिसाद देतो.

शटरचा मुद्दा तर मुळातच चुकीचा आहे. ड्रोनवर बहुधा मायक्रोबोलोमीटर जातीचा, थंड न ठेवलेला डिटेक्टर असतो. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः तापतो आणि निवतो, त्याला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो ते शटर कॅलिब्रेशनचं (मोजमाप जुळवून घेण्याचं), एक्स्पोजरचं नव्हे. 10 मीटरच्या वेगात 5 सेंमीचा तापलेला डाग ठिपक्यासमोर 5 मिलिसेकंदच राहतो आणि ठिपका पूर्ण तापायच्या आत पुढे निघून जातो. खरा फरक 20 अंशांचा असला तरी चित्रात 8 अंशच दिसतो. नुसती कड पुसट झाली असती तर एक वेळ चाललं असतं. इथे तापमानच खोटं येतं, आणि पॅनलमधला बिघडून तापलेला सेल अहवालात ‘किरकोळ’ ठरतो.

राहिलं सॉफ्टवेअर. त्याचा उपयोग आहे, हे मान्य. ड्रोनचा वेग आणि डिटेक्टरचा प्रतिसाद माहीत असेल, तर डागामागे चित्रात ओढली गेलेली पुसट शेपटी गणिताने बरीच आवरता येते. मात्र त्यासाठी मूळ तापमानाचा डेटा लागतो, रंगवलेला जेपेग नव्हे. आणि कड जितकी धारदार करावी तितका नॉइजही (मोजमापातला खोटा चढउतार) फुगतो. एआय कड सुरेख काढून देतो, पण तिथलं तापमान त्याने मोजलेलं नसतं, अंदाजाने भरलेलं असतं. लँडसॅट 7 चंच बघा. पुढे सरकण्याची भरपाई करणारा त्याचा स्कॅन लाइन करेक्टर 31 मे 2003 रोजी बंद पडला आणि प्रत्येक चित्रातला सुमारे 22 टक्के भाग गेला. पुढे त्या फटी दुसऱ्या तारखांच्या चित्रांतून भरल्या गेल्या, पण त्या दिवशीचं मोजमाप काही परत आलं नाही.

त्याच उंचीवर ड्रोन सेकंदाला 3 मीटरने उडवला, तर 10 मिलिसेकंदांत तो 3 सेंमीच सरकतो, एका पिक्सेलपेक्षा कमी. वेळ तिप्पट लागेल, बॅटऱ्याही जास्त लागतील. तो खर्च कोटेशनमध्येच धरा.