नव्या बटाट्याला पाणचट म्हणणाऱ्यांनो

आज कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटात डोकंच फिरलं. एक मावशी नवीन हळवे, म्हणजे लवकर निघणाऱ्या जातीचे बटाटे घेऊन बसलेल्या, साल इतकी कोवळी की अंगठा फिरवला तरी निघतेय, आणि एक चांगले शिकलेले गृहस्थ कालचे बटाटे त्यांच्या पाटीत ओतून म्हणतायत, असला पाणचट माल देता, वडे सगळे तेलात फुटले, पैसे परत द्या. मावशींनी गप पैसे दिले. मी बोललो, पण ऐकतोय कोण, म्हणून इथं लिहितोय.

अहो, हळव्या बटाट्याचे वडे करतं का कोण? लवकर निघणाऱ्या जातीत बहुतेक वेळा पाणी जास्त, पिठूळपणा कमी. त्यामुळंच तर रश्शात फोड शाबूत राहते. नवरात्रात जिरं, हिरवी मिरची नि दाण्याचं कूट घालून तुपावर सालीसकट परतून बघा एकदा. वड्याला जुना पिठूळ बटाटा घ्यायचा, एवढी साधी गोष्ट आहे.

चंदगडला माझा मामा पावसाळी बटाटा करतो. एका वर्षी त्यानं अर्ध्या रानात हळवी जात लावली, अर्ध्यात गरवी, म्हणजे उशिरा निघणारी. पाऊस उघडेना, वर धुकं, आणि करपा रोग आला. आधी पानाच्या कडेला ओले डाग, पान उलटलं की पांढरी बुरशी, आणि मग चार दिवसात सगळं रान उकळतं पाणी ओतल्यासारखं काळं. हळवा तोवर पोसलेला, पाला कापून काढून घेतला. गरव्यात सुपारीएवढे बटाटे. मामी बांधावर बसून होती, कुणाशी बोलली नाही दिवसभर. १८४५ ला आयर्लंडात दुष्काळ पडला तो ह्याच करप्यानं. म्हणून पण शास्त्रज्ञ लवकर येणाऱ्या जाती काढतात हो, तुमचा वडा फोडायला नाही! शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं १९७२ ला 'कुफ्री लवकर' ही जात आणली ती आपल्या पठारासाठीच, मग १९९८ ला पुखराज आली, आता आणखी नवीन येतायत.

हळवा बटाटा टिकत नाही म्हणता, बरं, नाही टिकत, मान्य. पण जो वाचला तो बाजारात आणल्यावर मामाला काय ऐकावं लागलं? व्यापारी म्हणाला, साल सोलतेय, आणि भाव पाडला. अरे नवीन बटाट्याची साल सोलणारच की! करप्यातनं वाचवून आणलेला माल, आणि त्यालाच नावं.

तांदूळ घेताना आपण आजरा घनसाळ का इंद्रायणी विचारतो, आंबा घेताना देवगडचा का विचारतो, आणि बटाटा मात्र नुसता 'दोन किलो द्या'. विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं कारण पोत्यावर जातीचं नावच नसतं.

असो, जरा जास्तच तापलोय. नवा बटाटा मिळाला तर थोडाच घ्या, आठवडाभरात संपवा. उन्हात ठेवू नका, हिरवा पडतो आणि हिरवा खायचा नसतो. फ्रिजात तर अजिबात नको, गोडूस होतो. आणि मार्केट यार्डातल्या मंडळींनो, पोत्यावर जात लिहा, बाजूला एका ओळीत रश्शाचा का वड्याचा तेवढं लिहा. खडूनं लिहिलं तरी चालेल.