पाऊण टाकीचा हिशोब: एक स्टार दिलेल्या सरांना टँकरवाल्याचं उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू वाचला. आधी वाचून डोकं फिरलं होतं खरं सांगतो, लगेच चार ओळी टाईप पण केल्या होत्या, मग बायको म्हणाली आधी जाऊन टाकी मोजून या आणि मग लिहा. म्हणून चार दिवस लागले. बाकी लोकांनाही कळावं म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. शनिवारी सकाळी यायला दहा हजार लिटरचा टँकर सांगितला होता, तो रविवारी रात्री अकराला आला, टाकी फक्त पाऊण भरली म्हणजे अडीच हजार लिटर चोरलं, पाणी गढूळ होतं, ड्रायव्हरने पाईपचे म्हणून 300 जास्त घेतले, फेब्रुवारीत 1400 ला दिलेला टँकर मे महिन्यात 2200 ला दिला, आणि शेजारच्या वाडीला सरकारी टँकर फुकट येतो मग आम्ही कसले एवढे पैसे घेतो. वर फोन उचलत नाही. एवढं सगळं.

फोनचं पहिलं. चूक आमची. त्या दिवशी मीच दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर होतो, फोन चार्जिंगला घरी, मुलगा उचलतो आणि "पप्पा नाहीत" एवढंच सांगतो. तुम्ही सात वेळा लावलेला दिसला. एवढं झाल्यावर माणूस चिडणारच, त्यात तुमच्या घरी पाहुणे होते.

आता मुख्य मुद्दा, अडीच हजार लिटर. सर, बाकी सगळं बोला पण पाणी चोरलं हा शब्द लागला. बुधवारी तुमच्या वॉचमन काकांना विचारून टेप घेऊन टाकीत उतरलो (तुम्हाला मेसेज केला होता, तुम्ही बघा म्हणालात). आतून माप निघालं लांबी 8 फूट, रुंदी 7 फूट, खोली 8 फूट. आता हे गुणा, 448 घनफूट झाले. एका घनफुटात 28.3 लिटर पाणी बसतं. म्हणजे तुमची टाकी दहा हजाराची नाहीच, ती साडेबारा हजाराच्या वर जाते. बांधकामवाल्याने तुम्हाला दहा हजार सांगितलं असेल कारण तो वरचा फूट-दीड फूट मोकळा सोडून मोजतो, किंवा त्याने मोजलंच नसेल, दोन्ही चालतं आमच्याकडे. तर दहा हजार लिटर त्यात ओतलं तर सव्वासहा फुटापर्यंत येईल आणि वरून वाकून बघितलं तर पाऊणच्या जरा वर दिसेल.

इथे मी थांबलो असतो तर मी जिंकलो होतो. पण काका म्हणाले की रविवारी रात्री त्यांनी बॅटरी मारून बघितलं होतं, पाणी बरोबर शिडीच्या सहाव्या फुटाला होतं, सव्वासहाला नाही. ते डोक्यात बसलं. तीन इंच म्हणजे या टाकीत जवळजवळ चारशे लिटर होतात. गुरुवारी सकाळी गाडी नेहमीसारखी गळ्यापर्यंत भरून सासवडच्या वजनकाट्यावर नेली. भरलेली 15,500 किलो. खेप टाकून परत येताना रिकामी लावली, 5,860. फरक 9,640. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे ज्या गाडीवर मी सहा वर्षं "10,000 लि." लिहून फिरतोय ती गाडी 9,640 लिटरची आहे. टाकी बनवणाऱ्याने पत्रा वाचवला आणि मी कधी काट्यावर चढवली नाही. काटा करायला दीडशे रुपये लागतात सर, सहा वर्षात दीडशे रुपये टाकले नाहीत मी.

तर हिशोब असा, तुम्ही म्हणता 7,500 मिळालं, मी म्हणत होतो 10,000 दिलं, आणि टाकीत पडलं 9,640. तुमच्या काकांचा सहा फूट बरोबर तिथेच येतो, करून बघा. 360 लिटरचे तुमच्या रेटने 79 रुपये होतात, ते परत करतोय, आणि गाडीवरचा आकडा पेंटरकडून 9,600 करून घेतला. जुन्या गिऱ्हाईकांना काय सांगायचं ते अजून सुचलं नाही, पण कोणी विचारलं तर काट्याची पावती दाखवणार.

हे पण सांगतो की या धंद्यात पाणी मारणारे आहेत, मी नाही म्हणणार नाही. पाऊण भरून आणायचं, रात्री अंधारात खाली करायचं, व्हॉल्व आधीच बंद करून पाच-सहाशे लिटर पुढच्याला विकायचं. गिऱ्हाईक पुण्यात, टाकी गावाकडे, बघणार कोण. म्हणून तुम्हाला संशय आला त्यात तुमची काही चूक नाही. फक्त वरचं झाकण उघडून आधी गाडी बघायची, पाणी गळ्याला आहे का, आणि शेवटी गाडी चढाला तोंड करून उभी करायला लावायची म्हणजे मागच्या व्हॉल्वकडे सगळं पाणी येतं, सपाटीला उभी असली की तळाला राहतंच थोडं. आमच्या ड्रायव्हर पोराने तुमच्याकडे चढालाच लावली होती, काकांना विचारा.

उशीर. याची दोन कारणं आहेत, एक माझ्या हातात नव्हतं आणि एक होतं. नव्हतं ते असं की आमची भरायची विहीर ज्यांची आहे त्यांच्या फिडरला त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज रात्रीची होती. काही दिवस दिवसा नाहीतर काही दिवस रात्री अशी पाळी फिरते, तुम्ही पुण्यात राहता म्हणून माहीत नसेल, लाईट आल्याशिवाय मोटर नाही आणि मोटरशिवाय टँकर भरत नाही. त्यात शनिवारी रात्री डीपीचा फ्यूज गेला तो रविवारी दुपारी बसला. आणि मे महिन्यात विहिरीला पाणीच किती, दोन गाड्या उपसल्या की झऱ्याने परत भरायला तीन-चार तास बसून राहायचं.

हातात होतं ते हे, रविवारी रात्री पहिली भरलेली गाडी मी तुमच्याकडे न पाठवता वरच्या वस्तीवर पाठवली. तिथे अकरा गाया आहेत आणि त्यांचा हौद सकाळपासून कोरडा होता. दुभती गाय या उन्हात सत्तर-ऐंशी लिटर पाणी पिते, ती थांबत नाही. तुमचा नंबर आधी होता हे मान्य, पण परत तशी वेळ आली तर परत तेच करणार सर, फक्त तुम्हाला फोन करून सांगेन. ते सांगितलं नाही ही माझी चूक.

गढूळ पाण्याचं, थोडं आमचं थोडं तुमचं. विहीर तळाला गेली की फूटव्हॉल्व, म्हणजे मोटरच्या पाईपचं पाणी ओढायचं तोंड, गाळाजवळ येतो, पहिली पाच मिनिटं पाणी मातकट येतं, ते बाहेर सोडून मग टँकरला लावायचं असतं. अंधारात घाईत ते केलं नसणार. पण तुमच्या टाकीच्या तळाला पण चार बोटं गाळ आहे, मी स्वतः पाय बुडवलेत त्यात. अडीच इंची पाईपने वरून धार पडली की तो सगळा उठतो. पाईपचं तोंड भिंतीला लावून सोडायचं आणि तुरटी फिरवून रात्रभर राहू द्यायचं, सकाळी नितळ मिळेल. टाकी एकदा रिकामी असताना धुवून घ्या, आमचा माणूस देतो.

आणि हे पिण्याचं पाणी नाही, वापरायचं आहे, हे मी प्रत्येकाला फोनवर सांगतो, तुम्हाला पण सांगितलं होतं. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोडकडे जीबीएसचे (हातपाय लुळे पडतात तो आजार) पेशंट निघाल्यापासून लोक टँकरला पहिलं हेच विचारतात, बरंच झालं. तेव्हापासून आम्ही दर खेपेला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, हजार लिटरला पाच ग्रॅमच्या हिशोबाने, गाडी हलत येते तोवर ते मिसळतं. तुम्हाला "औषधाचा वास" आला लिहिलंय तो त्याचाच. तो वास वाईट नाही सर, वास नसलेल्या टँकरची काळजी करा. तरी प्यायला उकळून किंवा फिल्टरचंच घ्या.

रेट. फेब्रुवारीत विहीर तुमच्या प्लॉटपासून चार किलोमीटरवर होती. ती आटली. आता भरतो ती एकोणीस किलोमीटरवर, जाऊन येऊन अडतीस, वर घाट चढायचा भरलेल्या गाडीने. डिझेल साधारण 810 रुपये, विहीरवाल्याला 450, ड्रायव्हरला खेपेचे 300, झाले 1560. राहिले 640, त्यात हप्ता, टायर, इन्शुरन्स आणि महिन्यातून एकदा फुटणारं काहीतरी. 2024 चा उन्हाळा आठवा, 2023 ला पाऊस गेला होता, ऑक्टोबरमध्ये ज्या 40 तालुक्यांना दुष्काळ लागला त्यात आपलं पुरंदर होतं, नाझरे धरणाचा तळ दिसत होता, तेव्हा हीच खेप मी 2800 ला टाकली आहे आणि लोकांनी रांग लावून घेतली. तेव्हा पण मला आनंद नव्हता, कारण माझ्याच घरी चौथ्या दिवशी पाणी यायचं.

सरकारी टँकरशी आमची तुलना करू नका. तो गावाच्या ठरावावर, तहसीलदार-बीडीओंची पाहणी होऊन मंजूर होतो, जीपीएस लावलेला असतो आणि माणशी दिवसाला 20 लिटर असा हिशोब आहे. वीस लिटर म्हणजे दोन बादल्या नाही होत. वाडीतल्या बाया त्यात सगळं भागवतात. त्या टँकरचे पैसे सरकार देतं, फुकट तो पण नाही. तुमच्या लॉनला... जाऊ द्या, तो तुमचा विषय आहे.

पाईपचे 300. आमच्याकडे शंभर फूट पाईप फुकट आहे. तुमच्या गेटवर केबल खाली लोंबते, गाडी आत जात नाही, रस्त्यावरून टाकीपर्यंत तीन बंडल जोडावे लागले आणि टाकी वर, गाडी खाली, म्हणजे आपोआप पाणी जात नाही, पंप लावला. काम झालं दोन तासांचं. पण पोराने ते आधी सांगायला पाहिजे होतं, रात्री एक वाजता पाईप गुंडाळून झाल्यावर हात पुढे करणं बरोबर नाही. त्याला बोललो. 300 अधिक 79, असे 379 तुमच्या नंबरवर काल संध्याकाळी फोनपे केलेत, चेक करा. केबल तेवढी वर बांधून घ्या, पुढच्या वेळी पंपाचा प्रश्नच येणार नाही, गाडी टाकीच्या वरच्या अंगाला लागेल.

अजून एक, टाकीत उतरलोच होतो म्हणून भिंतीवर लाल ऑईलपेंटने खुणा करून आलोय, तळापासून दर साडेसात इंचाला एक रेघ, एक रेघ म्हणजे हजार लिटर. वॉचमन काकांना वाचता येतात, मी विचारून घेतलं. पुढचा टँकर माझा असो का दुसऱ्याचा, आधीची रेघ आणि नंतरची रेघ बघून पैसे द्या.

स्टार तुम्हाला वाटतील तेवढे ठेवा, एक ठेवला तरी चालेल, उशिराचा तो बरोबर आहे. "चोरलं" तेवढं काढलंत तर बरं होईल, गावात मुलं रिव्ह्यू वाचून दाखवतात म्हाताऱ्यांना. आणि शनिवारचं पाणी पाहिजे असेल तर गुरुवारी सांगत जा सर, शुक्रवारी रात्री दहाला नको.