‘बी-12ची गोळी नको’ म्हणणाऱ्यांना

गेल्या रविवारी निपाणीला मावशीकडे गेले होते. चहा ठेवायला उठली ती ओट्याला धरूनच. विचारलं तर म्हणाली, "तळव्यात मुंग्या आल्यागत हुतंय गं. जमिनीवर पाय टेकल्याचं कळतच नाही." गोळ्या घेतेस ना? "सोडल्या की. दूध बी सोडलंय. तुझ्यासारखंच."

तिचं ते ‘तुझ्यासारखंच’ आठवडाभर डोक्यातून गेलेलं नाही. मी चैत्रापासून व्हीगन जेवते. दूध, दही, तूप, ताक, सगळं बंद. खानापूरकडच्या एका गोठ्यात आईपासून तोडून कोपऱ्यात बांधलेलं रेडकू पाहिलं, भुकेनं मान टाकलेलं, आणि त्या दिवसापासून दूध घशाखाली उतरेना. त्या निर्णयाचा मला पस्तावा नाही. पण मावशी 66 वर्षांची, 11 वर्षं शुगरची पेशंट, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीवर. वर्षापूर्वी रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी त्याचीही गोळी दिली होती आणि मुंग्या थांबल्या होत्या. आषाढी एकादशीला तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला, तिनं संकल्प केला आणि दोन्ही गोळ्या बंद केल्या.

तो मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. ‘21 दिवसांचा शुद्ध वनस्पती आहार.’ त्यात म्हटलंय की आपले पूर्वज व्हीगनच होते, दूध भारतीयांना पचतच नाही, तिळात दुधाच्या दहापट कॅल्शियम असतं, प्रोटीन भाजी-फळांतून आपोआप मिळतं, बी-12 हा औषध कंपन्यांचा बनाव आहे आणि 21 दिवसांत शुगर उतरते म्हणून गोळ्या बंद करा. मुद्दे त्यांच्या क्रमाने घेणार नाही. ज्यानं माझ्या मावशीचे पाय बधिर केले तो आधी.

बी-12 म्हणे इडली-डोशाच्या आंबलेल्या पिठात असतं, स्पिरुलिना नावाच्या शेवाळात असतं, न धुतलेल्या भाजीवर असतं आणि शिवाय आपल्या आतड्यात तयार होतं.

कुठलीही वनस्पती बी-12 बनवत नाही. ते फक्त सूक्ष्म जिवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या पहिल्याच पोटात हे जिवाणू असतात, त्यांनी बनवलेलं पुढं आतड्यात शोषलं जातं आणि म्हणून ते दुधात उतरतं. आपल्याही मोठ्या आतड्यात ते बनतं, एवढं खरं. पण शोषून घ्यायची जागा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्याच्या आधी आहे. हिडकलच्या कालव्याचं पाणी खालच्या शेतातून वरच्या शेतात चढत नाही, तसंच हे. तिथं बनलेलं बी-12 शौचावाटे निघून जातं. इडलीच्या पिठातल्या बी-12चा भरवसा धरता येत नाही. स्पिरुलिनात आहे ते बहुतेक त्याच्यासारखं दिसणारं, आपल्या शरीराला निरुपयोगी असं रसायन.

आणि न धुतलेली मेथी? हे लिहिणाऱ्यानं बाजारात भाजी कुठून कशी येते ते कधी पाहिलं आहे का? मळक्या पाण्यावरच्या पालेभाजीतून टायफॉइड येतो, कावीळ येते. पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येतात. दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-12साठी माणसांना माती खायला सांगायची, आणि तेही म्हाताऱ्या बायकांना! 

‘आपल्या आज्या कुठं गोळ्या घेत होत्या, ठणठणीत होत्या की’ असंही त्यात आहे. आज्यांचं रक्त कुणी तपासलं होतं? जिथं तपासलं तिथलं ऐका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. 2008मध्ये त्यांनी छापलं की गरोदरपणात दोन-तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-12 कमी होतं. या व्हीगन बायका नव्हत्या. आपल्यासारख्याच भाकरी-आमटी खाणाऱ्या, चहात दूध घालणाऱ्या. शिवाय ज्या आयांचं बी-12 कमी आणि फोलेट (ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढं शुगर होण्याच्या धोक्याची, खूण सगळ्यात जास्त दिसली. म्हणजे आपल्याकडच्या शाकाहारी घरात मुळात तळाला गेलेला साठा असतो, आणि हा मेसेज त्यातलं उरलेलं दूधही काढून घेतो आणि गोळीही.

21 दिवसांत काही वाईट वाटत नाही, उलट हलकं वाटतं. त्याचंही कारण आहे. ज्याचा साठा भरलेला आहे त्याचं लिव्हर काही वर्षं पुरवतं. मलाही पहिले दोन महिने छान वाटलं होतं. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मावशीचं तर दुहेरी नुकसान. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 कमी शोषलं जातं, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. आणि बी-12 कमी पडून येणाऱ्या मुंग्या शुगरमुळे येणाऱ्या मुंग्यांसारख्याच असतात, त्यामुळे ‘शुगर आहे, व्हायचंच’ म्हणून घरातले गप्प बसतात. नस फार दिवस उपाशी राहिली तर पुढं गोळी देऊनही पूर्ण सुधारेल असं नाही.

कंपन्यांच्या बनावाचं म्हणाल, तर व्हीगन हा शब्द ज्या इंग्लंडमधल्या व्हीगन सोसायटीनं 1944 साली रूढ केला, तीच सोसायटी आज सांगते की रोज 10 मायक्रोग्रॅमची किंवा आठवड्याला 2000 मायक्रोग्रॅमची बी-12ची गोळी घ्या, नाहीतर बी-12 घातलेले पदार्थ दिवसातून दोन-तीनदा खा. जनावरांसाठी हे करणाऱ्यांनाही गोळीची अडचण नाही, कारण ते बी-12 टाक्यांत जिवाणू वाढवून बनवतात. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं, नाही ना, एवढं दुकानदाराला विचारायचं. मी विचारते.

आता शुगर. ‘अमेरिकेत सिद्ध झालंय’ असं मोघम लिहिलंय. बहुधा त्यांना डॉ. नील बर्नार्ड यांचा 2006चा प्रयोग म्हणायचा असावा. 99 मधुमेही, 22 आठवडे. कमी तेलाच्या व्हीगन आहाराच्या गटात 43 टक्के लोकांची शुगरची औषधं कमी करता आली, नेहमीच्या पथ्याच्या गटात 26 टक्के लोकांची. फायदा झाला, तो मी नाकारत नाही. पण निम्म्याहून जास्त लोकांची औषधं कमी झाली नाहीत. ज्यांची झाली त्यांची डॉक्टरांच्या नजरेखाली झाली, फोनवरचा मेसेज वाचून नाही. आणि त्या प्रयोगात सगळ्यांना एक दिवसाआड बी-12ची गोळी दिली जात होती! मावशीची उपाशीपोटी शुगर सोमवारी तपासली, 243 निघाली. दूध सोडून ती भात आणि गुळाचा चहा वाढवून बसली होती, कारण गूळ ‘नैसर्गिक’ आहे असंही त्यात होतं.

पूर्वज व्हीगन होते हे तर आपल्या भागात कुणी बोलूच नये. निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांत व्रताला रसत्याग करतात. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतला एखादा रस त्या दिवसापुरता सोडायचा. रोजच्या ताटात दूध-तूप नसतंच, तर सोडायचं काय? आणि ज्या बेळगावचं नाव कुंद्यासाठी निघतं, तिथं हे सांगायचं? कुंदा सोडणं मला जड गेलं, अजून जातं.

दूध पचत नाही हे अर्धं खरं आहे. मोठेपणी दुधातली साखर न पचणारे आपल्याकडे भरपूर आहेत, दक्षिणेकडे उत्तरेपेक्षा जास्त. त्यांचं पोट दूध सोडल्यावर शांत होतं, मावशीचंही झालं. पण ‘कुणालाच पचत नाही’ हे खोटं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना दही-ताक चालतं.

तिळाचं मानते. वजनाला वजन धरलं तर दुधाच्या आठ-दहापट कॅल्शियम आहे खरं, पण पेलाभर दूध पिणारा माणूस पेलाभर तीळ खात नाही. दोन चमचे तिळाची चटणी, नाचणीची भाकरी, असं रोज जमवावं लागतं. प्रोटीन फळांतून येत नाही. डाळ, हुलगा, शेंगदाणे, सोयाबीन ताटात असावंच लागतं, आणि सोयाबीन तर बैलहोंगलला शेतात उभं असतं.

दूध सोडायचं असेल तर सोडा, माझी साथ आहे. आधी बी-12ची तपासणी करून घ्या, पहिल्या दिवसापासून गोळी सुरू करा, आणि शुगर-बीपीच्या औषधाला डॉक्टरांशिवाय हात लावू नका. ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या काकूंना मी फोन करून एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठं माहीत होतं, मला बी कुणीतरी पाठवलेलं." मग हे पण पाठवा म्हटलं, त्याच ग्रुपवर.

मावशीच्या गोळ्या सुरू झाल्यात, बी-12ची इंजेक्शनं चालू आहेत. चहा अजून ती बिनदुधाचाच घेते, गुळाशिवाय. शुक्रवारी पुन्हा रक्त द्यायला जायचंय. भजनी मंडळातल्या आणखी दोघी तिच्याबरोबर येणार आहेत.