म्युरफिल्ड नंतरचं, लीथ आधीचं

स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या गोल्फर्सचा क्लब, म्हणजे ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एडिनबरो गोल्फर्स’, १७४४ पासून म्युरफिल्ड या गोल्फ मैदानावरच आहे, असं या क्लबवरचा एक लेख वाचून वाटतं. तसं नाही. सुरुवात लीथच्या मैदानावर, तीही फक्त ५ होल्सवर. १८३६ मध्ये क्लब मसलबराच्या मैदानावर गेला, म्युरफिल्डवर थेट १८९१ मध्ये. लीथला क्लबने केलेल्या गोल्फच्या १३ नियमांतला पहिलाच बघा: पुढच्या होलचा पहिला फटका आधीच्या होलपासून एका क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) लांबीच्या आत चेंडू टी करून, म्हणजे फटक्यासाठी मांडून, मारायचा. म्हणजे होलभोवतीचं गवत तुडवलं जाणारच!

म्युरफिल्डची खरी गंमत आखणीत. पहिले ९ होल्स बाहेरून घड्याळाच्या दिशेने, उरलेले ९ आतून उलटे. त्यामुळे खेळणाऱ्यासाठी वाऱ्याची दिशा सतत बदलते आणि आधीच्या होलवरचा अंदाज पुढे चालत नाही. महिलांना सदस्यत्व द्यायचा ठराव मात्र २०१७ मध्ये, दुसऱ्या मतदानात मंजूर झाला. फारच उशीर.