निळ्या गोळीचा मेसेज आणि बडोद्यातच झालेलं संशोधन

बडोद्यातल्या मराठी मंडळांच्या, सोसायट्यांच्या, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: शाळेत मुलींना दर आठवड्याला निळी गोळी देतात, ती घेऊ देऊ नका. ती लोकसंख्या कमी करण्यासाठी आहे, पुढे मूल होत नाही. गोळीने शौचाला काळी होते, म्हणजे आतड्यातून रक्त जातं. दिल्लीत मुली आजारी पडल्या, आफ्रिकेत मुलं दगावली. रक्त कमी असणं हा झोपडपट्टीतला प्रश्न, चांगल्या घरच्या मुलींना गरजच नाही. बीट, डाळिंब, गूळ-शेंगदाणे द्या, महिन्याभरात रक्त भरेल. आणि शेवटी, ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’.

पोचलाय. दांडिया बाजारात राहणाऱ्या, ओळखीच्या घरातल्या एका नववीतल्या मुलीने मला तिची कंपासपेटी उघडून दाखवली. वर्गात बेन, म्हणजे शाळेतल्या बाई, बघत असतात तेवढा वेळ गोळी तोंडात, मग हळूच रुमालात, मग पेटीत. गोळ्यांचा निळा रंग ओला होऊन कोनमापकाला लागला होता. मुलगी फिकट दिसते, दोन जिने चढली की कठड्याला धरून थांबते. आईने तिला सांगितलंय, ‘घेऊ नकोस, आणि बेनना सांगूही नकोस.’ ही भीती मायेपोटीच आहे, म्हणून त्या माऊलीवर रागवावंसं वाटत नाही. पण मेसेजमधल्या एकेका वाक्याचं उत्तर तिला मिळायला हवं. मी आहारशास्त्र याच गावात शिकले, तेव्हा ते देणं मला टाळता येणार नाही.

सर्वांत आधी, मूल न होण्याबद्दल. निळ्या गोळीत दोनच औषधं असतात: 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड. पाकिटावर छापलेलं असतं, मागून घ्या आणि वाचा. हेच लोह आणि हेच फोलिक अ‍ॅसिड, याच प्रमाणात, गरोदर बाईला लाल गोळीतून देतात, तेही आठवड्यातून एकदा नाही तर रोज, किमान 180 दिवस. रंग फक्त कोणाची गोळी कोणती हे ओळखता यावं म्हणून. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, दहा ते एकोणीसला निळी, गरोदरपणात लाल. जे औषध बाळ नीट वाढावं म्हणून देतात, त्याने वांझपण कसं येईल? शिवाय ही निळी गोळी मुलग्यांनाही देतात. मेसेज लिहिणाऱ्याने ते गाळलंय.

ही अफवा कुठून आली असेल याचा मी विचार केला. सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाची एक गर्भनिरोधक गोळी खरंच मिळते, आणि तीही आठवड्याच्या हिशेबाने घ्यायची असते: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. त्यात सेंटक्रोमॅन हे औषध असतं, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं. कदाचित ‘सरकारची आठवड्याची गोळी’ एवढंच ऐकून कोणीतरी दोन्हींची सांगड घातली असेल. पण छाया ज्या बाईला पाळणा लांबवायचा आहे तिला, तिने मागितल्यावर मिळते. शाळेत ती वाटत नाहीत.

शौचाला काळी होते हे खरं आहे. गोळीतलं सगळं लोह शरीरात शोषलं जात नाही. उरलेलं आतड्यातून पुढे जातं आणि त्याने रंग काळपट होतो. आतड्यातून रक्त जात असेल तर शौच डांबरासारखी चिकट होते आणि तिला वेगळीच घाण येते. तसं दिसलं तर डॉक्टरकडे जायलाच हवं, पण नुसता काळा रंग म्हणजे रक्तस्राव नव्हे.

दिल्लीचं सांगतात तेही घडलेलं आहे. 2013 च्या जुलैमध्ये, ही साप्ताहिक गोळी देशभर नुकतीच सुरू झाली असताना, दिल्लीतल्या शाळांत गोळी घेतल्यावर अनेक मुलींना मळमळ, पोटदुखी, चक्कर असा त्रास झाला. त्याच आठवड्यात बिहारमध्ये शाळेच्या जेवणातून विषबाधा होऊन मुलं गेली होती, त्यामुळे लोक आधीच धास्तावलेले होते. लोहाची गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, हे गरोदरपणात ती घेतलेली कुठलीही बाई सांगेल. म्हणून ती पोटभर जेवल्यावर, पाण्याबरोबर घ्यायची. तेव्हा गोळीत 100 मिलिग्रॅम लोह होतं. 2018 मध्ये ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ ही सरकारी मोहीम सुरू झाली (अ‍ॅनिमिया म्हणजे रक्त कमी असणं) आणि ते 60 वर आणलं.

आफ्रिकेचं काय, ते नीट सांगायला हवं, कारण मेसेजमधलं हे एकच वाक्य खऱ्या संशोधनावर बेतलेलं आहे. टांझानियाच्या पेम्बा बेटावर अगदी लहान मुलांना, एक ते पस्तीस महिन्यांच्या, रोज लोह आणि फोलिक अ‍ॅसिड दिलं गेलं. त्या बेटावर मलेरिया वर्षभर आणि फार जोरात. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले: गोळी घेणाऱ्या मुलांत दवाखान्यात भरती होण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण 12 टक्क्यांनी जास्त निघालं. जागतिक आरोग्य संघटनेने ते गांभीर्याने घेतलं आणि तशा भागांत तान्ह्यांना सरसकट लोह देण्याबद्दलचा सल्ला बदलला. त्याच प्रयोगाच्या एका भागात मात्र असंही दिसलं की ज्या मुलांच्या अंगात लोह खरोखर कमी होतं आणि मलेरियावर वेळीच उपचार मिळत होते, त्यांना फायदाच झाला. यातून बडोद्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीने आठवड्याची एक गोळी टाकून द्यावी असं काहीच निघत नाही.

आता ‘चांगल्या घरच्या मुली’. मला सर्वांत जास्त लागलं ते हे वाक्य, कारण आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत ते पटकन पटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गुजरातमधल्या 15 ते 19 वयाच्या 69 टक्के मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. त्याआधीच्या फेरीत ते प्रमाण 56.5 टक्के होतं. या आकड्यांवर वाद आहे, कारण बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात हिमोग्लोबिन कमी दिसू शकतं. ठीक, मग 2016 ते 2018 चं राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण घ्या. त्यात शिरेतून रक्त काढून तपासलं होतं. तरी देशातल्या 10 ते 19 वयाच्या मुलींत प्रमाण 40 टक्के, मुलग्यांत 18 टक्के. आणि पैशाने हा प्रश्न सुटतो म्हणावं, तर कुटुंब सर्वेक्षणात सर्वांत सधन गटातल्या बायकांतही निम्म्या जणींना अ‍ॅनिमिया आहे. पोळी-भाजी-वरण-भातातून मिळणारं लोह मुळात कमी शोषलं जातं, वर जेवण झाल्या झाल्या चहा. उंची झपाट्याने वाढायची हीच वर्षं आणि दर महिन्याला पाळी. घर कुठल्या पोळात, म्हणजे कुठल्या गल्लीत, आहे यावरून यातलं काय बदलतं?

बीट आणि डाळिंबाला माझा विरोध नाही. पण 13 ते 15 वर्षांच्या मुलीला दिवसाला 30 मिलिग्रॅम लोह लागतं असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, आणि 100 ग्रॅम बिटात ते एक मिलिग्रॅमही नसतं. डाळिंबात त्याहून कमी. बिटाचा लाल रंग वेगळ्याच द्रव्याचा आहे, त्याचा रक्ताशी संबंध नाही. गुळाचा खडा, मूठभर शेंगदाणे यातून थोडं मिळतं, पण थोडंच. घरात करायचंच असेल तर बाजरीची भाकरी, माठाची भाजी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, तिच्यावर लिंबू, लोखंडी कढई आणि चहा जेवणापासून तास-दीड तास लांब. आपल्या बडोद्याच्या सेव उसळीवरही लिंबू पिळून घ्यावं, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. मात्र हिमोग्लोबिन एकदा घसरलं की एवढ्याने महिन्याभरात भरून येत नाही.

आणि हे सगळं बाहेरून आणलेलं ज्ञान नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या आहार व पोषण विभागात डॉ. शुभदा कनानी यांनी बडोद्यातल्याच किशोरवयीन मुलींवर काम केलं. 2000 मध्ये त्यांचा आणि पुजारा यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वस्तीतल्या 10 ते 18 वयाच्या मुलींना तीन महिने रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि फोलिक अ‍ॅसिड दिलं, तुलनेसाठी दुसऱ्या गटाला दिलं नाही. गोळी घेणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन सरासरी 1.7 ग्रॅमने वाढलं. वजन सरासरी 0.83 किलोने वाढलं, दुसऱ्या गटात जवळजवळ नाहीच. वाढ सर्वांत ठळक दिसली ती 10 ते 14 च्या मुलींत. ‘काही केल्या अंगी लागत नाही’ अशी तक्रार ज्या आया करतात, त्यांनी हे जरूर वाचावं. नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या मुलींनी खरोखर घेतल्या, म्हणजे नीट समजावलं तर मुली घेतात.

पुढे सेन आणि कनानी यांनी शहरातल्या शाळांत 9 ते 13 वयाच्या मुलींना वर्षभर गोळ्या दिल्या. काहींना रोज, काहींना आठवड्यातून दोनदा, काहींना एकदा, काहींना नाही. मग अंक लक्षात ठेवून म्हणणं, चक्रव्यूहातून वाट काढणं, पाहिलेलं आठवणं अशा चाचण्या घेतल्या. गोळी घेतलेल्या मुली पुढे गेल्या. आणि आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा देणं जास्त उपयोगी ठरलं, रोज देण्यापेक्षा स्वस्त आणि शाळेला झेपेल असंही.

म्हणजे शाळेतल्या गोळीवर घ्यायचाच तर आक्षेप हा घ्यावा, की आठवड्याला एक कमी पडते. तीही सुट्टीत चुकते, परीक्षेत चुकते, मे महिन्यात पूर्ण बंद. जिचं हिमोग्लोबिन आधीच बारा ग्रॅमच्या खाली आहे तिला ती पुरत नाहीच, तिला डॉक्टरने ठरवलेली रोजची मात्रा लागते. कंपासपेटीवाल्या मुलीचं तसंच निघालं. सयाजी हॉस्पिटलात रक्त तपासलं, 9.1 आलं. आता ती रोज रात्री जेवणानंतर गोळी घेते, आई समोर उभी राहून देते.

गोळी कोणी घेऊ नये, हेही सांगते. थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या, वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या मुलांच्या अंगात लोह आधीच साठत असतं. त्यांना ही गोळी द्यायची नाही, आणि शाळेला ते लेखी कळवून ठेवायचं. सिकलसेल हा रक्ताचा दुसरा जन्मजात आजार असेल तर आधी डॉक्टरला विचारायचं. ताप असेल त्या दिवशी थांबायचं, बरं वाटल्यावर घ्यायची.

पुढच्या पालकसभेत बेनना एवढं विचारा: गोळी मधल्या सुट्टीतल्या जेवणानंतर देता ना, वर्गात प्यायचं पाणी असतं ना, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टची जंताची गोळी माझ्या मुलीला मिळाली का, सुट्टीतल्या गोळ्या घरी द्याल का, आणि हिमोग्लोबिन तपासणी कधी आहे.