केस कापायला 1000 तास, पोलीस व्हायला 664

अमेरिकेत पोलिसांनाही देशभर सारखं, गैरवर्तन केलं तर काढून घेता येणारं लायसन्स हवं, असं म्हटलं की एक उत्तर ठरलेलं. आज परत तेच वाचलं: "पोलिसांना कसलं लायसन्स? वर साहेब असतातच की!" असतात ना. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातही होते.

22 नोव्हेंबर 2014. खेळण्यातलं पिस्तूल घेऊन बागेत फिरणारा 12 वर्षांचा टमीर राईस. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांत गोळी सुटली. गोळी झाडणाऱ्याला इंडिपेंडन्स या शेजारच्या गावच्या पोलिसांनी 2012 मध्येच नालायक ठरवलं होतं, तसं लेखी दिलं होतं. पण काढलं नाही, राजीनामा देऊ दिला. कारण काय, तर 'वैयक्तिक'. क्लीव्हलंडने ती फाईल उघडलीसुद्धा नाही.

सगळी गळती इथेच आहे. चौकशी अंगाशी येतेय म्हटलं की माणूस राजीनामा टाकतो, चौकशी गुंडाळली जाते, कागदावर बडतर्फी येतच नाही. पुढच्या गावचं पोलीस खातं चौकशीला फोन करतं, तर इकडून फक्त नोकरीच्या तारखा सांगतात. जास्त बोललं तर कोर्टात खेचेल ही भीती. आणि देशभरात अशी 18,000 च्या आसपास खाती!

कॅलिफोर्नियात नाव्ह्याचं लायसन्स काढायला 1000 तासांचं शिक्षण लागतं, पोलिसाच्या मूळ प्रशिक्षणाची किमान अट 664 तास. (खाती जास्त शिकवतात, मान्य.) नाव्ह्याचं लायसन्स जाऊ शकत होतं, पोलिसाचं प्रमाणपत्र (म्हणजे पोलीस म्हणून काम करायचा परवानाच) गैरवर्तनासाठी काढून घ्यायचा अधिकार मात्र 2021 च्या कायद्यापर्यंत राज्याकडे नव्हता. तो कायदा चांगलाय. नोकरी सुटली की 10 दिवसांत राज्याला कळवायचं, आणि माणूस राजीनामा देऊन गेला तरी गंभीर आरोपांची चौकशी पुरी करायचीच. भोक बरोब्बर तिथेच बुजवलंय.

पण राज्याची हद्द ओलांडली की? प्रमाणपत्र गेलेल्यांची देशपातळीवर एक यादी आहे. तिच्यात नाव, राज्य, ढोबळ कारण एवढंच, मूळ कागद त्या राज्याकडे मागायचे. आणि राजीनामा देऊन सटकलेला, प्रमाणपत्र शाबूत असलेला माणूस त्या यादीत येणार कुठून? केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये स्वतःच्या पोलीस अधिकाऱ्यांपुरती गैरवर्तनाची नोंदवही सुरू केली, ती जानेवारी 2025 मध्ये बंदही केली. वा!

हो, लायसन्स काढून घ्यायचा अधिकार हातात आला की साहेब लोक तोंड उघडणाऱ्यालाच त्यात अडकवतील, ही भीती खोटी नाही. म्हणून निर्णय साहेबाकडे नको, बाहेरच्या मंडळाकडे हवा. पोलीस हा राज्यांचा विषय, हेही ठाऊक आहे. डॉक्टरांचं लायसन्सही राज्यंच देतात. त्यांची परीक्षा देशभर एक आहेच ना?

टमीरवर गोळी झाडणाऱ्याला क्लीव्हलंडने 2017 मध्ये काढलं. गोळीसाठी नाही हो, नोकरीच्या अर्जात खोटं लिहिलं म्हणून. 2022 मध्ये पेनसिल्व्हेनिया या दुसऱ्या राज्यातल्या टायोगा या छोट्या गावाने त्याला गावचा एकमेव पोलीस म्हणून घेतलं. काही दिवसांतच त्याने माघार घेतली. कुठल्या यादीने अडवलं म्हणून नव्हे, लोकांनी बोंब मारली म्हणून.