मामा, येताना दोन बॉक्स आण

डिसेंबरात भारतात येतोय म्हटलं की यादी सुरू होते. बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, कुणाचं तरी घड्याळ. यंदा डोंबिवलीच्या भाच्याचा मेसेज आला, "मामा, येताना पोकेमॉनचे दोन बॉक्स आण. सीलबंदच हवेत. फोडायचे नाहीत, ठेवायचेत. पाच वर्षांत डबल होतात." बॉक्स म्हणजे पोकेमॉन कार्टूनच्या कार्डांची पाकिटं भरलेला खोका. ही कार्डं लोक जमवतात आणि विकतात.

भाचा सीए करतोय. हिशेब कळणारा मुलगा असं बोलतो म्हणून जास्त काळजी वाटली. फोनवर ऐकेना, म्हणून इथे लिहितोय. त्याचे मित्रही वाचतील.

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. इथे अधूनमधून कुठल्या तरी हॉटेलच्या हॉलमध्ये कार्ड शो, म्हणजे अशा कार्डांचा बाजार, भरतो. गेल्या महिन्यात धाकट्याला घेऊन गेलो होतो. त्याने २०२१ पासून जमवलेल्या बाइंडरमधली (म्हणजे कार्डांच्या अल्बममधली) आठ कार्डं विकायची ठरली होती. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बेरीज होती ६४० डॉलर. गाडीत बसल्यापासून त्या ६४० मध्ये काय काय येईल याची चर्चा चालली होती.

टेबलामागच्या विकत घेणाऱ्या माणसाने एकेक कार्ड स्लीव्हमधून, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशवीतून, काढलं, दिव्याखाली तिरकं धरलं, मग उलटं करून चारही कोपरे बघितले. मागच्या निळ्या कडेवर झिजल्याचा पांढरा ठिपका दिसला की कार्ड डावीकडे, नाही दिसला तर उजवीकडे. तोंडातून शब्द नाही. दहावीचा निकाल लागत असल्यासारखं पोरगं बघत होतं. उजवीकडे तीनच राहिली. मग त्याने फोन काढून ही कार्डं शेवटची कितीला विकली गेली ते पाहिलं आणि म्हणाला, उजवीकडच्यांचे सत्तर टक्के, डावीकडच्यांचे पन्नास, रोख. आमच्या हातात ३५० पडले.

त्याने फसवलं असं मुळीच नाही. त्यालाही टेबलाचं भाडं आहे, उद्या भाव पडला तर माल त्याच्या गळ्यात आहे. आपल्या घरी पाटल्या मोडायला गेल्यावर आई कायम म्हणायची, "घडणावळ कोणी परत देत नाही, वर घट लावतात." तेच हे. फक्त सोन्याचं वजन सांगलीत आणि सिंगापूरला तेवढंच भरतं, इथे वजन डोळ्यांनी करतात.

मग भाचा म्हणेल, ग्रेडिंग करून घे की. म्हणजे कार्ड कंपनीकडे पाठवायचं, ते एक ते दहामध्ये मार्क देऊन प्लास्टिकच्या जाड डबीत बंद करून परत पाठवतात. त्या डबीला स्लॅब म्हणतात. दहा मिळाले तर भाव कितीतरी पट, नऊ मिळाले तर जेमतेम. मी एकदा सहा कार्डं पाठवली. चार महिन्यांनी आली. एकाला दहा, चारांना नऊ, एकाला आठ. नऊवाल्यांनी फी भरून काढली नाही. दहावालं आणि नऊवालं शेजारी ठेवून भिंग लावून बघितलं, बायकोला बघायला लावलं. तिने नऊवालं चांगलं म्हणून उचललं.

आता भाव वर-खाली कसे होतात ते बघ. १९८६ सालचं फ्लीअर कंपनीचं बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं कार्ड, ५७ नंबरचं. दहा मार्कांच्या, पीएसए या ग्रेडिंग कंपनीने ग्रेड केलेल्या प्रती जगात तीनशेच्या वर. २०२० च्या सुरुवातीला अशी एक प्रत पन्नास हजार डॉलरच्या आत मिळत होती. मग लॉकडाउन लागला, लोक घरी बसले, सरकारचे चेक आले, टीव्हीवर जॉर्डनवरची मालिका आली. जानेवारी २०२१ मध्ये एका लिलावात दोन प्रती प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला गेल्या. वर्ष सरायच्या आत भाव निम्म्याच्याही खाली. कार्ड तेच, डबी तीच, मार्क तेच. जॉर्डन तर २००३ मध्येच निवृत्त झालेला, त्यामुळे मधल्या काळात तो वाईट खेळला म्हणावं तर तीही सोय नाही. त्या मार्चमध्ये पीएसएकडे कार्डांचा इतका ढीग साचला की त्यांनी बहुतेक नवं काम घेणंच थांबवलं. मे महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये कार्डांवरून पार्किंगमध्ये मारामारी झाली, त्यानंतर टार्गेट या दुकानसाखळीने दुकानांतून कार्डं काढून ऑनलाइनवर नेली. आमच्या घरातलं बाइंडर नेमकं तेव्हाचं. म्हणजे आम्ही कुठे शिरलो ते कळलंच असेल.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. जुनी कार्डं महाग का आहेत?

१९५२ च्या टॉप्स कंपनीच्या बेसबॉल कार्डांच्या संचातली शेवटची कार्डं बाजारात आली तेव्हा बेसबॉलचा मोसम संपत आला होता. दुकानदारांनी घेतली नाहीत. पेट्या गोदामात पडून राहिल्या. ज्याने तो संच बनवला होता त्याच साय बर्गरने त्या कवडीमोलाने विकायचा प्रयत्न केला, कोणी घेईना. शेवटी १९६० मध्ये बार्जवर लादून शेकडो पेट्या अटलांटिकमध्ये बुडवल्या. त्यातच बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक उत्तम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. ज्याने विकली त्याने १९९१ मध्ये ती ५०,००० ला घेतली होती. हिशेब करशील तर वर्षाला १९ टक्क्यांच्या वर पडतं, हे मान्य. पण ते पडतं कारण बाकीची समुद्रात गेली, सायकलच्या चाकात टकटक वाजायला लागली, आयांनी टाकून दिली. माझी डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं आठव. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. रबर बँड लावून दप्तरात कोंबलेली, कडा काळ्या झालेल्या. तुझ्या आजीने ती वह्यांबरोबर रद्दीवाल्याला दिली. जपायची असतात हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

डोक्यात आलं की काय होतं तेही अमेरिकेने एकदा बघितलंय. १९८० च्या दशकाच्या शेवटी पेपरांत जुन्या कार्डांच्या किमती छापून यायला लागल्या. लोकांनी पेट्याच्या पेट्या घेऊन मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून तळघरात रचल्या. कंपन्यांनीही मागेल तेवढं छापलं. त्या काळाला इथे 'जंक वॅक्स' म्हणतात, म्हणजे मेणकागदाच्या पाकिटातली रद्दी. आमच्या शेजारच्या आजोबांकडे अशा अकरा पेट्या आहेत. गॅरेज सेलमध्ये ते पेटी फुकट देतात, वर लिंबू सरबत देतात.

आणि आता पोकेमॉन. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे पहिल्या पंचवीसेक वर्षांत, जगभरात ३,४१० कोटी कार्डं छापली गेली होती. मार्च २०२५ ला तो आकडा ७,५०० कोटींवर गेला. तोवरच्या एकूण कार्डांपैकी निम्म्याहून जास्त त्या चार वर्षांत छापलेली आहेत. आणि यातली चांगली कार्डं कोणी सायकलला लावत नाही. पॅक फाडल्या फाडल्या स्लीव्ह, त्यावर टॉपलोडर म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट, त्यावर डबी. माझ्या धाकट्याचे मित्र कार्डं हाताळताना ऑपरेशन थिएटरमधल्यासारखे वागतात. खेळत कोणीच नाही. नियम विचारलेस तर दोघांनाच सांगता येतील.

'मॅजिक' हा असाच दुसरा पत्त्यांचा खेळ. त्याच्या कंपनीने १९९६ मध्ये एक यादी जाहीर केली, यातली जुनी कार्डं परत छापणार नाही म्हणून. पोकेमॉनने असलं काही वचन दिलेलं नाही. तू ज्या बॉक्सवर डबलचं गणित मांडतोयस तो पुढच्या वर्षी पुन्हा छापायचा की नाही, हे दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे.

तू मला ॲमस्टरडॅमचा पिकाचू सांगशील, माहितीये. २०२३ मध्ये व्हॅन गॉग म्युझियममध्ये मुलांना फुकट मिळणारं करड्या हॅटमधल्या पिकाचूचं कार्ड. मोठ्या माणसांनी इतकी झुंबड केली की म्युझियमने वाटप बंद केलं. आज त्याच्या हजारो प्रती डब्यांत बंद आहेत आणि तरीही ते महाग आहे. बरोबर. म्हणून तर म्हणतो, सध्या भाव गर्दीचा चाललाय, आणि तुझ्या पाच वर्षांनंतर दाराशी तेवढीच गर्दी असेल असं कोण लिहून देतंय? ऑडिटमध्ये असा स्टॉक दाखवलास तर तुझे सर काय म्हणतील?

बॉक्सचं म्हणशील तर शोधतोय. आमच्या सुपरमार्केटमध्ये पोकेमॉन कार्डं विकणारं मशीन आहे. त्याच्यासमोर सकाळी सातला लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, आपण गणपतीत कोकणच्या रिझर्व्हेशनला बसायचो तसे. छापील किमतीला मिळाला तर आणेन. म्हणजे बहुतेक बदामच.